हिरव्या चहातल्या कडवटपणाचा बंदोबस्त

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हिरवा चहा आला तो आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, नाहीतर वजन उतरवायच्या निश्चयाने. साहजिकच तो औषधासारखा प्यायला जातो. पिशवी कपात टाकायची, वरून खळखळते पाणी ओतायचे, गुण पुरता उतरावा म्हणून पिशवी दहा मिनिटे तशीच ठेवायची, शेवटी ती चमच्याने दाबून पिळायची, आणि साखरेचा कणही न घालता घोट घशाखाली लोटायचे. कुणी त्यात पुदिन्याची चार पाने टाकतात, तीही चहाबरोबर उकळून काळी पडलेली असतात. मग हिरवा चहा कडूच असतो, आरोग्यासाठी तेवढे सोसायला हवे, असा समज पक्का होतो. हा समज चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. कडवटपणा या पानाच्या अंगी आहे हे खरे, पण तो किती बाहेर येऊ द्यायचा हे करणाऱ्याच्या हातात असते. मोरोक्कोत हिरवा चहा आणि पुदिना यांची जोडी घरोघर, दिवसातून अनेकदा प्यायली जाते. पाहुण्याला दिली जाते, जेवणानंतर घेतली जाते, दुकानात सौदा चालू असताना पुढे केली जाते. तिथे हा चहा कुणी सोसत नाही, आवडीने पितात. त्यांची करण्याची रीत नीट पाहिली तर तिची एकेक पायरी कडवटपणाचा बंदोबस्त करण्यासाठी आहे असे दिसते. त्या पायऱ्यांमागची कारणे समजली की तोच चहा पुण्या-नागपुरातल्या स्टीलच्या पातेल्यातही जमतो.

मोरोक्कोच्या आयुष्यात चहा इतका मुरलेला असला तरी तो त्या देशात पिकत नाही. अठराव्या शतकात युरोपीय वकील सुलतानाच्या दरबारात जे नजराणे घेऊन येत, त्यांत चहा असे. तो महाग होता आणि सामान्य माणसाच्या हाती लागत नसे. चित्र बदलले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. 1853 ते 1856 या काळातल्या क्रिमियाच्या युद्धामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांची बाल्टिककडची गिऱ्हाइके तुटली आणि पडून राहिलेला चिनी हिरवा चहा त्यांनी टँजियर आणि मोगादोर, म्हणजे आजचे एसाविरा, या बंदरांत उतरवला. त्याच 1856 साली ब्रिटन आणि मोरोक्को यांच्यात व्यापारी करार झाला, आयात मालावरची जकात 10 टक्क्यांपर्यंत मर्यादित झाली आणि चहाची वाट आणखी मोकळी झाली. वनस्पतींची पाने गरम पाण्यात घालून पिण्याची सवय तिथे चहाच्या आधीपासून होती. साखरही परकी नव्हती. सोळाव्या शतकात सादी सुलतानांच्या अमलाखाली सूस खोऱ्यात उसाचे कारखाने चालत होते. म्हणजे चहाच्या कपात पुदिना शिरला असे आपण समजतो, पण घडले ते उलट. पुदिन्यासारख्या पानांच्या आणि साखरेच्या जुन्या आवडीत चहा येऊन मिसळला. चव आधी ठरलेली होती आणि नव्या पानाला त्या चवीशी जुळवून घ्यावे लागले. आपल्याकडे हिरवा चहा गुणांची यादी घेऊन आला आणि चवीचा विचार मागे राहिला. दोन्हीकडच्या कपांतला फरक इथूनच सुरू होतो.

मोरोक्कोत जाणारा चहा मुख्यतः चीनमधून येतो. त्यातला सर्वांत परिचित प्रकार गनपावडर या नावाने विकला जातो. चेच्यांग प्रांतात शाओशिंगजवळचे पिंगश्वेइ हे त्याचे जुने ठिकाण. तोडलेले पान आधी तापवतात. त्यामुळे पान काळे पाडणारी विकरे निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. काळ्या आणि हिरव्या चहाचे झाड एकच, फरक मुख्यतः या पायरीचा. मग पान वळून, सुकवून त्याच्या मिऱ्याएवढ्या घट्ट गोळ्या करतात. गोळीचा बाहेरचा भाग थोडा असल्याने हवा कमी लागते आणि लांबच्या प्रवासात चहा लवकर शिळा होत नाही. जहाजातून आणि नंतर उंटांच्या तांड्यांतून जाणाऱ्या मालासाठी हा गुण मोठा होता. पण त्या वळण्याचा दुसरा परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. घट्ट गोळी पाण्यात सावकाश उलगडते. कपात कडू आणि तुरट लागते ते प्रामुख्याने कॅटेचिन नावाच्या द्रव्यांमुळे. ती लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडाचा ओलसरपणा जातो आणि जीभ आकसल्यासारखी वाटते. कॅफीनचा कडूपणा त्यात भर घालतो. पाणी जितके गरम, वेळ जितका जास्त आणि पान जितके बारीक, तितकी ही द्रव्ये भराभर उतरतात. पिशवीत बहुधा चुऱ्यासारखे बारीक पान असते, म्हणून ती पाच मिनिटांतच कडू होते. अख्ख्या पानाची गोळी मात्र करणाऱ्याला वेळ देते.

इथे एक आक्षेप लगेच येतो. हिरव्या चहावर उकळते पाणी कधीही ओतू नये, असे डब्यांवर छापलेले असते आणि जाणकारही सांगतात. मोरोक्कोत तर किटली थेट आचेवर ठेवतात. मग त्यांची रीत चुकीची म्हणायची का? मला वाटते, नियम चुकीचा नाही, पण तो प्रत्येक पानाला लावणे चुकीचे आहे. जपानी सेंचाचे पान वाफवलेले, नाजूक असते. त्याची गोडसर, भरीव चव थियानिन नावाच्या अमिनो आम्लातून येते आणि ते द्रव्य कमी तापमानालाही सहज उतरते. म्हणून 70 ते 80 अंशांचे पाणी घेतले की गोडवा मिळतो आणि तुरटपणा बराचसा पानातच राहतो. गनपावडरची गोष्ट निराळी. कोमट पाण्यात ती गोळी नीट उलगडतच नाही आणि कपात फिकट पिवळे पाणी येते. शिवाय पुदिन्याच्या दरवळाखाली टिकून राहील असा भक्कम चहा इथे हवा असतो. सेंचासारखा हळुवार चहा पुदिन्याखाली हरवून जातो. चांगला सेंचा घरात असेल तर तो पुदिन्याशिवायच प्यावा. तेव्हा तापमानाचा निर्णय पान पाहून करायचा. बाजारात मिळणारा साधा, न वळलेला हिरवा चहा असेल तर उकळी फुटल्यावर आच बंद करून पाणी तीन-चार मिनिटे उघडे ठेवावे. गनपावडर असेल तर आच बंद केल्यावर मिनिटभर थांबले तरी पुरते.

गरम पाण्याचा धोका मोरोक्कोची माणसे पत्करतात, कारण त्याचा उतारा त्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. हा उतारा म्हणजे पान धुणे. किटलीत कोरडा चहा घालून त्यावर पेलाभर उकळते पाणी ओततात, न हलवता थोडा वेळ ठेवतात आणि ते पाणी अलगद एका पेल्यात काढून बाजूला ठेवतात. ही पहिली धार स्वच्छ आणि सुगंधी असते आणि तिला चहाचा जीव मानतात. मग पुन्हा थोडे उकळते पाणी घालून किटली चांगली गोल फिरवतात. या वेळी निघणारे गढूळ, कडवट पाणी फेकून देतात. त्यानंतर बाजूला ठेवलेला पेला परत किटलीत जातो आणि खरा चहा करायला सुरुवात होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ विधी वाटेल, पण त्यात व्यवहार आहे. गोळ्यांवर बसलेली बारीक भुकटी सर्वांत आधी विरघळते आणि सर्वांत कडू उतरते. दुसऱ्या धुण्यात ती निघून जाते. तोवर गोळ्या जेमतेम सैलावलेल्या असतात, त्यामुळे पानातला बराचसा ऐवज आतच राहतो. धुताना चहाचे गुण वाहून जातात, अशी शंका औषध म्हणून पिणाऱ्याच्या मनात येईल. थोडे जातात, हे मान्य करायला हरकत नाही. त्याच न्यायाने, अर्धा मिनिट धुतले की कॅफीनही निघून जाते असे जे सांगितले जाते, तेही खरे नाही. इतक्या थोड्या वेळात कॅफीनचा मोठा भाग पानातच राहतो. ज्याची झोप चहाने उडते त्याने धुण्यावर विसंबून राहू नये, संध्याकाळनंतर नुसत्या पुदिन्याचे गरम पाणी घ्यावे.

आता पुदिना. मोरोक्कोत मेकनेसच्या परिसरातला पुदिना विशेष नावाजलेला आहे. जात स्पिअरमिंटची, शास्त्रीय नाव मेंथा स्पिकाटा. आपल्या मंडईत चटणीसाठी मिळणारी जुडीही सहसा याच जातीची किंवा तिच्या जवळची असते, त्यामुळे या बाबतीत आपले काही अडत नाही. अडते ते पुदिन्याचा अर्क किंवा गोळ्यांमधल्या पुदिन्याची चव डोक्यात ठेवून चहा करायला गेल्यावर. त्या गारव्याचे कारण मेंथॉल. थंडी ओळखणारा चेतातंतूंवरचा ग्राहक मेंथॉल चाळवते, म्हणून तोंड गरम असूनही गार वाटते. 2021 साली वैद्यकाचे नोबेल मिळालेले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन या दोघांनीही स्वतंत्रपणे हा ग्राहक शोधताना मेंथॉलचाच वापर केला होता. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल अगदी थोडे असते. त्याचा मुख्य सुगंध कार्वोन नावाच्या द्रव्याचा, गोडसर आणि हिरवा. हेच कार्वोन आपल्या बाळंतशेपांतही असते, फक्त रेणूची घडण आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी. तेवढ्या फरकाने नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपा. ही माहिती इथे नुसती गंमत म्हणून देत नाही. कार्वोनचा वास हिरव्या चहाच्या तुरटपणावर गोडीचा भास चढवतो, तर मेंथॉलचा झणझणीत गारवा त्या तुरटपणाला आणखी टोक आणतो. म्हणून या चहाला पेपरमिंटपेक्षा भाजीवाल्याकडची साधी जुडीच अधिक शोभते. पाने कोवळी हवीत आणि झाड फुलोऱ्यावर यायच्या आधीची हवीत.

पुदिन्याचे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते. पाने तळहातावर ठेवून एकदा हलकेच चोळली की त्या ग्रंथी फुटतात आणि सुगंध मोकळा होतो. त्यापलीकडे खलात ठेचण्याची गरज नाही. ठेचलेल्या पानातून गवतासारखा उग्र वास आणि कडसरपणा उतरतो. सुगंध उडून जाणारा असल्याने पुदिना उकळत ठेवणे म्हणजे सगळा सुवास स्वयंपाकघराच्या हवेला देणे होय. घर दरवळते, कपात मात्र काळपट पाने आणि काढ्याची चव उरते. आपल्याकडचा काळा चहा दूध, साखर, आले, गवती चहा घालून खळखळून उकळायचा असतो, आणि त्या दाणेदार चहाला ते मानवतेही. तोच हात हिरव्या चहावर आणि पुदिन्यावर चालवला की बिघाड होतो. चहाचे पान आणि पुदिन्याचे पान यांना लागणारा वेळ वेगळा आहे, हे ध्यानात ठेवणे ही या साऱ्या कृतीची किल्ली आहे. चहा आधी उतरू द्यावा, पुदिना शेवटी घालावा, आणि तो पाण्याखाली पूर्ण बुडेल असा दाबावा. वर तरंगणारी, वाफेवर राहिलेली पाने करपल्यासारखी होतात आणि चहाला नकोशी चव देतात, असे मोरोक्कोत आवर्जून सांगितले जाते. झाकण ठेवून दोन ते तीन मिनिटे पुरतात. नंतर चमच्याने ढवळण्याऐवजी तिथे एक पेला भरून तो परत किटलीत ओततात आणि असे दोन-तीनदा करतात. याने साखर तळाला न राहता सारखी मिसळते आणि पानेही कुस्करली जात नाहीत. शेवटी हात उंच नेऊन बारीक धार धरतात. धार हवेतून येताना चहा पिण्याजोगा निवतो आणि पेल्यावर फेस येतो. चहाच्या पानात सॅपोनिन असतात, म्हणून हा फेस काही वेळ टिकतो. फेस नसलेला पेला तिथे अर्धवट केलेला मानतात.

सर्वांत गंभीर आक्षेप साखरेचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मोरोक्कोचा चहा फार गोड असतो. तिथे साखरेची शंकूच्या आकाराची मोठी ढेप मिळते. ती लग्नात भेट म्हणून नेतात आणि दुःखाच्या घरीही नेतात. एका किटलीत साखरेचे मोठमोठे खडे पडतात. ही साखर कडवटपणा झाकते, आणि झाकलेला कडवटपणा हा काही खरा बंदोबस्त नव्हे, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या शिफारशीनुसार वरून घेतलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढासाठी सुमारे 25 ग्रॅम. दिवसातून तीन-चार पेले मोरोक्कन गोडीचे घेतले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मधुमेहाचे प्रमाण आपल्याकडे आधीच चिंताजनक आहे. तेव्हा त्यांच्या रीतीतले हे अंग जसेच्या तसे उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यासाठी साखर पूर्ण तोडावी लागते असेही नाही. पान धुतलेले असेल, प्रमाण बेताचे असेल आणि पुदिना भरपूर असेल, तर कपाला अर्धा चमचा साखरही पुरते आणि काही दिवसांत तीही सोडता येते. साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह अनेकांना होतो. गुळाचा स्वतःचा ठसठशीत स्वाद पुदिन्याला दाबून टाकतो, आणि साखर म्हणून पाहिले तर त्याने फार काही वाचतही नाही. मधाचेही तेच.

घरात करायचे तर नक्षीदार किटलीची गरज नाही. चार लहान पेल्यांसाठी, म्हणजे अर्धा लिटर पाण्यासाठी, गनपावडरचे दोन सपाट चहाचे चमचे, साधारण सहा ग्रॅम, आणि पुदिन्याच्या दहा-बारा काड्या लागतात. काड्यांचे जाड बूड खुडून टाकावे, कोवळे देठ राहू द्यावेत. त्यांतही स्वाद असतो. पुदिना मातीतून येतो, म्हणून भांडेभर पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवावा. झाकणाच्या पातेल्यात चहा घालून वर सांगितल्याप्रमाणे दोन धुणी करावीत, पहिले राखावे, दुसरे टाकावे. मग मिनिटभर निवलेले आधणाचे पाणी आणि राखलेला पेला ओतून दोन-तीन मिनिटे झाकावे, नंतर साखर आणि पुदिना. गाळून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोनदा ओतले की फेस येतो. गनपावडर मोठ्या शहरांतल्या चहाच्या दुकानांत मिळते. मिळाले नाही तर हिमाचलातला कांगडा हिरवा चहा पाहावा. तिथल्या बागा चिनी जातीच्या झुडपांच्या आहेत आणि 2005 पासून त्या चहाला भौगोलिक मानांकन आहे. आसामच्या जातीच्या रुंद पानात कॅटेचिन अधिक असतात, म्हणून तो हिरवा चहा थोडा कमी घालावा. पिशवीच हाताशी असेल तर ती दीड-दोन मिनिटांत काढावी, पिळू नये, आणि पुदिन्याला वेगळा वेळ द्यावा. पाण्याकडेही लक्ष हवे. बोअरच्या जड पाण्यात चहा मंद लागतो आणि वर साय धरतो, तिथे गाळलेले हलके पाणी घ्यावे. कोकणातल्या दमट हवेत डबा हवाबंद आणि उजेडापासून दूर ठेवावा. काचेच्या बरणीत हिरवा चहा पाहता पाहता पिवळा पडतो.

एवढे करूनही कुणी म्हणेल की चवीच्या मागे लागून औषधी गुण गमावण्यात काय शहाणपण? याला उत्तर देताना त्या गुणांचे वजन पाहायला हवे. हिरवा चहा आणि वजन यांवरच्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने 2012 साली एकत्रित आढावा घेतला. त्यात दिसलेली घट इतकी किरकोळ होती की वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व देता येत नाही. उलट गुण गोळीत कोंबून घेण्याचा मार्ग धोक्याचाही ठरू शकतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली सांगितले की हिरव्या चहाच्या अर्कातले मुख्य कॅटेचिन पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृतावर ताण पडल्याची लक्षणे आढळतात. साधा चहा करून पिणे मात्र त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले. म्हणजे ज्या लाभासाठी जिभेवर कडूपणा लादायचा तो लाभच फार मोठा नाही. उपाशीपोटी कडक हिरवा चहा घेतल्याने अनेकांना मळमळते, छातीत जळजळ असणाऱ्यांना पुदिनाही बाधू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. एक गोष्ट मात्र खरोखर महत्त्वाची आहे आणि ती डब्यांवर सहसा छापलेली नसते. चहातली तुरट द्रव्ये पालेभाज्या, डाळी, धान्ये यांतले लोह शरीरात पुरेसे शिरू देत नाहीत. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. तेव्हा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची मोरोक्कोची सवय आपल्या शाकाहारी घरांनी उचलू नये; जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. गरोदर स्त्रियांनी तर हे कटाक्षाने पाळावे आणि कॅफीनचा दिवसभराचा हिशेबही ठेवावा.

ही रीत अंगवळणी पडली की तिच्यात आपल्याकडचा बदल करायलाही वाव आहे. मोरोक्कोतही पुदिना बारा महिने चालत नाही. हिवाळ्यात तिथे चहात कडवट अबसिंथ, मरवा किंवा लुइझा नावाच्या सुगंधी वनस्पतीची पाने घालतात. आपल्याकडे गवती चहाची दोन पाती किंवा तुळशीचा शेंडा याच शेवटच्या पायरीला, याच वेळेपुरता घालता येतो. लिंबू पिळायचे तर पेल्यात पिळावे, पातेल्यात नको. आणि पातेल्यातला चहा संपला म्हणून पाने टाकून द्यायची घाई करू नये. घट्ट गोळ्या पहिल्या खेपेत पुरत्या उलगडलेल्या नसतात. त्यांच्यावर पुन्हा गरम पाणी ओतून पाच मिनिटे ठेवले की दुसरा चहा निघतो, पहिल्यापेक्षा सौम्य. सहाराच्या बाजूला तर त्याच पानांवर तीन खेपा करतात. पुदिना मात्र प्रत्येक खेपेला ताजा घ्यायचा.